तोळाभर शिसं

एका तोळ्यात किती ग्रेन? बहुतेकांना हा प्रश्न निरर्थक वाटेल. सोन्याचा भाव आता दहा ग्रॅमवर सांगतात आणि ग्रेन हे माप तर आपल्याकडे कुणाच्या बोलण्यातही नाही. पण उत्तर अगदी नेमकं आहे, १८०. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया पाडायचं ठरवलं, तेव्हा त्याचं वजन १८० ग्रेन धरलं. तोळाही तेवढाच. आपल्या आज्या-पणज्या राणीछाप रुपया पारड्यात टाकून सोनं तोलून घ्यायच्या, तो हिशेब हाच. जकातीचा निसाब साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, हे आपल्या घरांत पोरासोरांनाही पाठ असतं. ग्रॅममध्ये त्याचे ८७.४८ आणि ६१२.३६ असे अडनिडे आकडे होतात. त्यामागे हेच १८० ग्रेन आहेत.

हा हिशेब मला तोंडपाठ असण्याचं कारण मात्र सोनं नाही. मी रायफलने लांब पल्ल्याची नेमबाजी करतो आणि या खेळात गोळीचं वजन अजूनही ग्रेनमध्येच सांगतात. गेल्या वर्षी मला ठरवायचं होतं की यापुढे कोणती गोळी वापरायची. १५५ ग्रेन, १८५ ग्रेन की २०० ग्रेन. म्हणजे तोळ्याला सव्वातेरा गुंजा कमी, पावणेतीन गुंजा जास्त, की पावणेअकरा गुंजा जास्त. फरक चिमटीत मावणारा आहे. पण तो ठरवायला मला पाच महिने लागले. त्यात माझा डोळा होता, खांदा होता, भाचीची फी होती आणि उदगीरला बसलेल्या अम्मीची काळजीही होती.

आधी खेळाबद्दल सांगतो. आपल्याकडे रायफल नेमबाजी म्हटलं की तेजस्विनी सावंत आठवते. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ती जगज्जेती झाली. किंवा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आठवतो. रेल्वेत टीसी असलेल्या या पोराने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. त्या खेळात गोळी पॉइंट टू-टूची असते. वजन ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. तिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या थोडा खाली ठेवतात. तिथे गोळीचं वजन निवडायचा प्रश्न फारसा येतच नाही. कारखान्याच्या कोणत्या खेपेतली काडतुसं आपल्या नळीला मानवतात, एवढंच तपासायचं.

माझा खेळ वेगळा आहे. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. तिथून तासाभराच्या आत बिस्ले आहे, सरे परगण्यात. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचं हे माहेरघर. १८६० साली विम्बल्डनच्या माळावर या संस्थेच्या पहिल्या स्पर्धेत पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली होती. रायफल आधीच नेम धरून चौकटीत घट्ट बसवलेली होती, राणीने फक्त चापाची दोरी ओढली. आजूबाजूला वस्ती वाढली तशी १८९० साली ही मंडळी विम्बल्डन सोडून बिस्लेला आली. इथे स्टिकलडाउन नावाचं मैदान आहे. त्यावर १००० यार्डांवरून, म्हणजे ९१४ मीटरवरून नेम धरतात. पालथं झोपायचं, समोर सपाट गवत, दोन्ही बाजूंना वाऱ्याची निशाणं आणि पार टोकाला लक्ष्यांची रांग. नुसत्या डोळ्यांना ते लक्ष्य खिडकीच्या काचेवर बसलेल्या माशीएवढं दिसतं.

गोळीला तिथवर पोचायला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ती आठ-नऊ मीटर खाली येते. ते ठीक आहे, कारण पृथ्वी रोज सारखीच ओढते. दुर्बिणीचा आकडा एकदा बसवला की झालं. वारा मात्र रोज सारखा नसतो. तो दर दहा सेकंदांनी बदलतो, मैदानाच्या मध्यावर एक आणि टोकाला दुसरा असतो. या खेळात माणूस हरतो तो वाऱ्यापायी.

इथे बंदुकीचा परवाना मिळणं सोपं नाही. आधी मान्यताप्राप्त क्लबात काही महिने उमेदवारी करावी लागते. मग पोलिसांकडे अर्ज, ओळखणाऱ्या दोघांची नावं, डॉक्टरकडून प्रकृतीची माहिती, घरी येऊन तपासणी, भिंतीला ठोकलेलं पोलादी कपाट. अर्जात 'सबळ कारण' द्यावं लागतं आणि स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. 'क्लबात लक्ष्यावर नेमबाजी' हे चालतं. माझ्याकडे आलेल्या अधिकाऱ्याने कपाटाची किल्ली कुठे ठेवता, घरात अजून कोण असतं, एवढंच विचारलं. चहा घेतला आणि गेला. त्या दिवशी मी इतका तयारीत होतो की तो साधेपणाने वागला याचंच मला नवल वाटत राहिलं.

अवघड गेलं ते गावाकडे. दुसऱ्या वर्षी एका मित्राने माझा फोटो काढला. पालथा झोपलेलो, दाढी, डोक्यावर टोपी, हातात रायफल. मी तो टाकला. दोन दिवसांत तो गावच्या कुठल्या तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हा कुठं ट्रेनिंग घेतोय?' पुढे हसणारे चार चेहरे. तेव्हा माझा भाचा पोलीस भरतीच्या तयारीला लागला होता. अम्मीचा फोन आला. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बेटा, वो फोटो निकाल दे. लोगां कुछ बी बोलतेत. तेरा क्या, तू वहां है. इधर बच्चा है." मी फोटो काढला. पुढे भाचा भरती झाला, त्यात कुणी आडवं आलं नाही. पण त्यानंतर मी रायफलसोबतचा एकही फोटो कुठे टाकलेला नाही. माझ्या शेजारी झोपून गोळ्या झाडणारे शिक्षक, दंतवैद्य, प्लंबर दर रविवारी टाकतात.

तर वजनाचा प्रश्न. सुरुवातीची सात वर्षं तो मला पडलाच नाही. मी ज्या प्रकारात होतो त्याला टार्गेट रायफल म्हणतात. त्यात दुर्बीण नसते. डोळ्याजवळ एक बारीक भोक, नळीच्या टोकाला एक कडी आणि त्या कडीत लक्ष्याचा काळा ठिपका बसवायचा. रायफल कशावर टेकवायची नाही. दंडाला चामड्याचा पट्टा आवळून कोपरांवर पेलायची. गोळी .३०८ ची आणि वजनाला मर्यादा, १५५ ग्रेन. सगळ्यांची सारखीच. जागतिक पाल्मा सामन्यांतही वर्षानुवर्षे हीच गोळी चालत आली. नियमानेच निवड करून टाकलेली.

मग माझी साखर डोळ्यांत उतरली. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली. दरवाजाची सरळ चौकट मला मध्यावर वाकलेली दिसू लागली. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात दोन मिनिटांचं काम असतं. सूज उतरली, पण कडीत ठिपका बसवण्याइतकी धार नजरेला परत आली नाही. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, वाचाल, गाडी चालवाल, पण ते बारीक भोक आता विसरा.

अशा माणसांसाठीच या खेळात दुसरा प्रकार आहे, एफ-क्लास. यातला 'एफ' म्हणजे जॉर्ज फारकहारसन हे कॅनडाचे नेमबाज. वयाने नजर आणि सांधे थकले म्हणून मैदान सोडायचं का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दुर्बीण आणि टेकूला परवानगी असणारा हा प्रकार सुरू केला. पुढे तो इतका फोफावला की आता त्याच्या जागतिक स्पर्धा होतात आणि त्यात तरणी पोरंही असतात. सवलत दिली म्हणून खेळ सोपा झाला असं मात्र नाही, कारण लक्ष्य लहान केलं. हजार यार्डांवरचा पाच गुणांचा मधला बुल साधारण दहा इंचांचा, जेवणाच्या ताटाहून लहान. यातला जो उपप्रकार मला परवडण्यासारखा होता, त्यात रायफल .३०८ किंवा .२२३ चीच हवी, नळीखाली दोन पायांचा स्टँड चालतो, दुर्बीण आणि स्टँड धरून एकूण वजन सव्वाआठ किलोच्या आत हवं. गोळीच्या वजनाला मात्र बंधन नाही. सात वर्षांनी पहिल्यांदा निवड माझ्या हातात आली.

नवखा माणूस इथे म्हणतो, हलकी गोळी घ्या. ती जास्त वेगाने सुटते, लवकर पोचते, वाऱ्याला कमी वेळ मिळतो. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. १५५ ग्रेनची गोळी माझ्या नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास सुटते आणि २०० ग्रेनची ८०० च्या. मात्र हजार यार्डांवर दोघी जवळपास एकाच वेळी पोचतात, दीड सेकंदात. कारण हलकी गोळी वाटेत वेग भराभर गमावते आणि जड गोळी तो टिकवून धरते. यात आणखी एक गंमत आहे. गोळी किती वाहवणार हे ती हवेत किती वेळ होती यावर ठरत नाही. हवेने तिचा किती वेळ खाल्ला यावर ठरतं. समजा गोळीचा वेग वाटेत अजिबात घटला नसता, तर ती जेवढ्या वेळात पोचली असती त्यापेक्षा तिला प्रत्यक्षात किती उशीर झाला? त्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणा. तेवढी ती बाजूला जाते. हलकीचा उशीर अर्ध्या सेकंदाच्या थोडा आत, जडचा त्याहून सुमारे एक पंचमांशाने कमी. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असेल, तर हलकी गोळी साधारण दोन मीटर वाहवते आणि जड गोळी एक मीटर ६५ सेंटिमीटर.

हा फरक मोठा दिसतो. पण वारा किती आहे हे ओळखून आपण नेम आधीच बाजूला धरतो. नुकसान होतं ते ओळखण्यात जेवढी चूक होते तेवढंच. म्हणून मी गणित उलटं मांडलं. गोळी दहा इंची बुलच्या आत राहायला हवी असेल, तर वारा ओळखण्यात किती चूक माफ आहे? १५५ ला ताशी एक किलोमीटर. १८५ ला त्याहून थोडी जास्त. २०० ला सव्वा किलोमीटर. म्हणजे जड गोळी घेऊन मला मिळणार होता ताशी पाव किलोमीटर. ज्याला वाऱ्याची निशाणं वाचता येत नाहीत, त्याला पाव किलोमीटर काही तारत नाही. ज्याला येतात, त्याला तो सामना जिंकून देऊ शकतो.

पण गोळी जड झाली की ती लांबही होते, कारण जाडी तर तीच. लांब गोळी हवेत सरळ राहावी म्हणून तिला जास्त जोरात फिरवावं लागतं. भोवरा मंद झाला की डुलायला लागतो, तसंच. ही फिरकी नळीच्या आतल्या पिळामुळे येते. १५५ ला १३ इंचांत एक वेढा पुरतो. २०० ला १० इंचांत एक वेढा लागतो. नळी एकदा कापून बसवली की पीळ बदलता येत नाही. म्हणूनच मी पाच महिने घेतले. गोळी उद्या बदलता येते, नळी नाही. .३०८ ची नळी साधारण पाच हजार गोळ्या चांगली चालते. माझ्या वेगाने ती पाच-सहा वर्षं. आणि ती बसवून घेण्याचा खर्च लातूरला बी.फार्म करणाऱ्या माझ्या भाचीच्या एका सेमिस्टरच्या फीएवढा.

वजन आणि लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा जुना दाखला आपल्या इतिहासाला लागूनच आहे. १८५७ च्या उठावात ज्या काडतुसांच्या चरबीवरून ठिणगी पडली, ती एनफील्ड रायफलची. तिची गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांची. नळीचं तोंड .५७७ इंच, पीळ ७८ इंचांत एक वेढा. गोळी जाडजूड आणि आखूड. त्याच १८५७ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियरने आपली रायफल चाचणीला आणली. गोळीचं वजन तेच, ५३० ग्रेन. पण नळी .४५१ इंचांची, षटकोनी. त्यामुळे गोळी बारीक आणि लांब झाली, आणि तिला फिरवायला त्याने पीळ २० इंचांत एक वेढा असा घट्ट केला. लांब पल्ल्यावर तिने एनफील्डला मागे टाकलं. राणीने विम्बल्डनला झाडली ती व्हिटवर्थच. शिसं तेवढंच, फक्त ते वेगळं मांडलं होतं. शाळेत आम्हाला त्या काडतुसांची चरबी शिकवली. त्यांतल्या गोळीचं वजन मला बिस्लेला कळलं.

केवळ वजन बघून गोळी घेऊ नये याचं दुसरं उदाहरण १६८ ग्रेनची प्रसिद्ध गोळी. ती ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी घडवली होती आणि तिथे ती फार नेमकी लागते. १५५ पेक्षा जड, म्हणून हजार यार्डांवर ती चांगलीच असणार असं वाटतं. पण तिच्या मागच्या बाजूचा उतार जरा जास्त तिरका आहे. वेग घटत घटत आवाजाच्या वेगाजवळ आला की ती डुलायला लागते. आमच्याकडे प्रत्येकाला आळीपाळीने लक्ष्यांखालच्या खंदकात बसून गुण दाखवायचं काम करावं लागतं. डोक्यावरून गोळी जाते तेव्हा चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. तो तिच्या आवाजापेक्षा जास्त वेगाचा पुरावा. थंडीतल्या एका सकाळी एका पाहुण्याच्या गोळ्यांचा कडाका अर्धवट येत होता, कधी नुसतीच फुसफुस. लक्ष्याच्या कागदावरची भोकं गोल नव्हती, लांबुडकी होती. गोळी तिरकी होऊन आत शिरली होती. नंतर विचारलं तर १६८ च निघाली.

हे सगळं कागदावर झालं. पुढचा प्रश्न खांद्याचा होता. आमच्या क्लबात रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, वय ७६. त्यांच्याकडे दोन्ही नळ्या आहेत. त्यांनी एका शनिवारी मला दोन्ही रायफली दिल्या आणि म्हणाले, प्रत्येकीच्या वीस गोळ्या झाड, गुण लिहू नकोस, प्रत्येक गोळी सुटल्यावर दुर्बिणीत काय दिसतं तेवढंच लिही. सल्ला विचित्र होता, पण मी तसं केलं.

१५५ झाडल्यावर दुर्बिणीतलं चित्र हलून परत माझ्याच लक्ष्यावर येत होतं. वीसपैकी अठरा वेळा. २०० झाडल्यावर रायफल स्टँडवर उडी मारून डावीकडे कलंडायची, कारण घट्ट पिळातून जड गोळी फिरवताना नळीला उलटा झटका बसतो. गोळीचा नुसता रेटाच हलकीपेक्षा सुमारे पंधरा टक्के जास्त. वीसपैकी अकरा वेळा चाप दाबल्यावर मला दुर्बिणीत शेजाऱ्याचं लक्ष्य दिसलं. हा केवळ त्रासाचा भाग नाही. शेजाऱ्याच्या लक्ष्यावर गोळी गेली तर तुमची ती गोळी शून्य. आणि दर वेळी रायफल नव्याने मांडायला जी पंधरा सेकंदं जातात, तेवढ्यात वारा बदलून जातो. जड गोळीने दिलेला पाव किलोमीटर असा दुसऱ्या हाताने परत जातो. धष्टपुष्ट, रोज सराव करणारा माणूस तो धक्का पेलतो. मी महिन्यातून दोनदा येणारा, बावन्न वर्षांचा, एका डोळ्याने अधू माणूस आहे. चाळिसाव्या गोळीला माझा खांदा दुखत होता आणि मी चाप दाबण्याआधीच अंग आखडून घेत होतो. ते त्या म्हाताऱ्यांनी मागून बघितलं. बोलले नाहीत काही, फक्त पाण्याची बाटली दिली.

मी १८५ ग्रेनवर थांबलो. नळीचा पीळ ११ इंचांत एक वेढा. वाऱ्यातला निम्मा-अधिक फायदा मिळतो, रायफल परत आपल्या लक्ष्यावर येते, आणि आवाजाच्या वेगाच्या वर ती हजार यार्डांपर्यंत आरामात राहते. सगळ्यांसाठी हेच बरोबर असं मी म्हणणार नाही. मला कुणी विचारलं तर मी वजन सांगत नाही, चार गोष्टी विचारतो. तुमच्या नळीचा पीळ किती? किती अंतरावर खेळणार? वारा किती ओळखता येतो? आणि गोळी सुटल्यावर दुर्बिणीत काय दिसतं? या चारांची खरी उत्तरं दिली की वजन आपोआप ठरतं. सहाशे यार्डांपर्यंतच खेळणाऱ्याने १५५ सोडायचं काही कारण नाही.

गोळ्यांची पेटी आली की मी एकेक तोलतो. सगळ्यांवर १८५ छापलेलं असलं तरी काही १८४.८ भरतात, काही १८५.२. सारख्या वजनाच्या एका डब्यात, उरलेल्या सरावाला. अब्बा उदगीरच्या सराफ्यात एका पेढीवर काट्यावर बसायचे. ग्रॅमची वजनं येऊन जमाना झाला होता, तरी खेड्यावरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या गल्ल्यात लाल-काळ्या गुंजांची डबी असायची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोलताना ते पंखा बंद करायचे, खिडकी ओढून घ्यायचे आणि श्वास रोखायचे. लग्नाचं सोनं घ्यायला आलेला बाप समोर बसलेला असायचा. पारडं वाऱ्याने हललं तर त्याच्या मनात किंतु यायचा, म्हणून. माझा काटा इलेक्ट्रॉनिक आहे, काचेच्या पेटीतला. त्याला श्वासाचा काही फरक पडत नाही. तरी मी रोखतो.

ऑक्टोबरात स्टिकलडाउनवर क्लबाचा सामना झाला. पंधरा गोळ्या, ७५ पैकी ६८. बत्तीस जणांत अकरावा. ज्या दिवशी डॉक्टरबाईंनी ते भोक विसरा म्हणून सांगितलं, त्या दिवशी मी रायफल विकायची जाहिरात लिहून ठेवली होती. ती अजून संगणकात आहे.

रात्री अम्मीला व्हिडिओ कॉल केला. रायफल तिला दाखवत नाही, गोळी दाखवली. तिने विचारलं, कितीची आहे? म्हटलं, एक तोळा आणि वर पावणेतीन गुंजा. ती चष्मा चढवून बघत राहिली. "इत्तीसी? और इत्ते दूर तलक जाती?" मग तिने अब्बांच्या गुंजांची डबी कुठे असेल यावर बहिणीशी वाद सुरू केला आणि मला विसरून गेली.

भाची मागून सगळं ऐकत होती. बी.फार्म झालं की तिला इकडे एम.एस्सी.ला यायचंय. फोन हातात घेऊन म्हणाली, "मामू, मैं आयी तो मेरेकू सिखाते?" मी हो म्हटलं. ती अंगाने बारीक आहे. तिच्यासाठी .२२३ ठीक पडेल, ८० ग्रेन, अर्ध्या तोळ्याहूनही कमी. तो हिशेब मी त्याच रात्री करून ठेवला. फोटो टाकायचा की नाही, ते मात्र तिचं तिने ठरवावं. मी अम्मीला विचारणार नाही आणि तिलाही विचारायला सांगणार नाही.